पीजचा प्रक्षेपक, वरळीचा मनोरा: दूरदर्शनच्या साडेसहा दशकांचा आढावा

गुजरातेत खेडा जिल्ह्यात पीज नावाचे गाव आहे. 1975 साली तिथे एक किलोवॉटचा छोटा प्रक्षेपक उभा राहिला. आसपासच्या सुमारे चारशे गावांत मिळून साडेसहाशेच्या आसपास सार्वजनिक टीव्ही संच ठेवले गेले, बहुतेक ठिकाणी दूध सोसायटीच्या इमारतीत. कार्यक्रम लोकांच्याच बोलीत असत, आणि त्यांच्याच जगण्यावर: शेतमजुराची मजुरी, दारू, अस्पृश्यता, घरातल्या बाईची अवस्था. अहमदाबादच्या इस्रोच्या केंद्रातली मंडळी आधी गावात जाऊन माणसांशी बोलत, मग कार्यक्रम करत, आणि तो दाखवून झाला की पुन्हा गावात जाऊन विचारत, काय कळले, काय पटले नाही. 1984 साली या प्रकल्पाला ग्रामीण संज्ञापनासाठीचा युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी पीजचा प्रक्षेपक उतरवून मद्रासला पाठवण्यात आला, तिथल्या दुसऱ्या वाहिनीसाठी. गावकऱ्यांनी विरोध केला, पण त्यांचे कोणी ऐकले नाही.

दूरदर्शनचा इतिहास आपल्याकडे साधारण दोन तऱ्हांनी सांगितला जातो. एक आठवणींचा: ‘हम लोग’, ‘रामायण’, रविवारची सकाळ, शेजाऱ्यांनी भरलेली खोली. दुसरा तक्रारीचा: सत्तेतल्या पक्षाचे गुणगान, मंत्र्यांची उद्घाटने, दडपलेल्या बातम्या. दोन्हींत तथ्य आहे. मात्र पीजची गोष्ट या दोन्हींत कुठेच बसत नाही, आणि मला तर सगळ्यात मोलाची तीच वाटते. दूरदर्शनला जिथे आपला प्रेक्षक ठाऊक होता तिथे ते खऱ्या अर्थाने सार्वजनिक होते. ‘किती लोकांपर्यंत पोहोचलो’ हा एकच हिशेब उरला, तेव्हापासून ते राष्ट्रीय होत गेले आणि सार्वजनिक असणे मागे पडले. गेल्या साडेसहा दशकांकडे या बाजूने पाहिले की ओळखीच्या घटनांचाही क्रम वेगळा लागतो.

सुरुवात अगदी लहान होती. 15 सप्टेंबर 1959 रोजी दिल्लीत राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले. युनेस्कोची मदत, आकाशवाणीच्या इमारतीतली तात्पुरती व्यवस्था आणि आठवड्यातून दोनदा तासभर कार्यक्रम. संच घरोघरी नव्हतेच. वस्त्यांमधून ‘टेलिक्लब’ काढले होते, तिथे लोक जमून पाहत आणि नंतर चर्चा करत. पु. ल. देशपांडे त्या सुरुवातीच्या काळात दिल्लीत होते आणि भारतीय टीव्हीवर पंडित नेहरूंची मुलाखत त्यांनी घेतली, ही गोष्ट मराठी माणसाला अभिमानाने आठवते. 1961 पासून फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने दिल्लीच्या शाळांसाठी पाठ सुरू झाले. रोजचे प्रक्षेपण 15 ऑगस्ट 1965 पासूनचे. प्रतिमा पुरी पाच मिनिटांचे बातमीपत्र वाचत. 26 जानेवारी 1967 ला ‘कृषी दर्शन’ सुरू झाले ते दिल्लीजवळच्या ऐंशी गावांसाठी. त्यामागे विक्रम साराभाईंचा आग्रह होता.

साराभाईंचा विचार त्या काळाच्या मानाने धाडसी होता. रेल्वे आणि रस्ते पोहोचायला पन्नास वर्षे लागतील तिथे उपग्रहाने शिक्षण आधी न्यावे, शहरे नंतर पाहू, असे ते मांडत. त्यांच्या निधनानंतर हा विचार प्रत्यक्षात आला तो ‘साइट’ या प्रयोगातून. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 असे वर्षभर अमेरिकेच्या एटीएस-6 या उपग्रहावरून बिहार, ओरिसा, मध्य प्रदेश, राजस्थान, आंध्र प्रदेश आणि कर्नाटक या सहा राज्यांतल्या सुमारे चोवीसशे गावांत थेट कार्यक्रम दाखवले गेले. सकाळी मुलांसाठी, संध्याकाळी मोठ्यांसाठी. गावात तीन मीटर व्यासाची, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची अँटेना, एक संच आणि तो सांभाळणारा एक माणूस. बिघडलेला संच दुरुस्त करायला जीपमधून फिरणारे तंत्रज्ञ होते, आणि प्रयोगाची नोंद ठेवायला गावात राहणारे संशोधकही होते. या सगळ्या यंत्रणेचे व्यवस्थापक होते मराठी वैज्ञानिक एकनाथ चिटणीस. मूल्यमापनात एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. नव्या माहितीचा लाभ निरक्षरांना आणि बायकांना अधिक झाला. वर्तमानपत्र ज्यांच्यापर्यंत कधीच गेले नव्हते, त्यांच्यापर्यंत टीव्ही गेला. वर्ष संपताच ठरल्याप्रमाणे उपग्रह सरकवला गेला आणि बहुतेक गावांतले पडदे काळे झाले. खेडा जिल्ह्याला मात्र जमिनीवरचा स्वतःचा प्रक्षेपक होता, म्हणून तिथले काम पुढे 1985 पर्यंत चालू राहिले.

आता वरळी. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झाले, देशातले दुसरे केंद्र. पुढच्या वर्षी सिंहगडावरचे सहक्षेपण केंद्र झाले आणि पुणेकरांना चित्र दिसू लागले. पुढे वरळीच्या केंद्रावर तीनशे मीटरचा मनोरा उभा राहिला आणि शहरात कुठूनही दिसणारी ती खूण झाली. पहिल्या दहा वर्षांत या केंद्राने जे केले त्याची बरोबरी मराठी टीव्हीला नंतर क्वचितच साधली, असे मी विचारपूर्वक म्हणतो. भक्ती बर्वे निवेदिका होत्या, स्मिता पाटील बातम्या वाचत, पुढे प्रदीप भिडे यांचा आवाज घराघरात ओळखीचा झाला. विनायक चासकर, याकूब सईद, विजया धुमाळे, अरुण काकतकर, आकाशानंद ही निर्मात्यांची नावे प्रेक्षकांना नटांइतकीच पाठ होती. आज एखाद्या वाहिनीच्या निर्मात्याचे नाव कोणाला सांगता येईल?

‘गजरा’मध्ये छोट्या नाटिका होत. ‘प्रतिभा आणि प्रतिमा’त साहित्यिक आणि कलावंत निवांत बोलत, कोणी मध्येच तोडत नसे. ‘नाट्यावलोकन’, ‘शब्दांच्या पलीकडले’, ‘किलबिल’, ‘कामगार विश्व’, ‘आमची माती आमची माणसं’ ही नुसती नावे वाचली तरी लक्षात येते की नाटकवाला, गाणारा, लहान मूल, गिरणी कामगार, शेतकरी अशा वेगवेगळ्या माणसाला समोर धरून एकेक कार्यक्रम आखला होता. चिं. वि. जोशींच्या कथांवरच्या मालिकेत दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले, बाळ कर्वे गुंड्याभाऊ झाले, आणि पुढे जन्मभर लोकांनी त्यांना त्याच नावांनी हाक मारली. शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट आणि रविवारी हिंदी, हा शिरस्ता होता. गुजराती आणि उर्दूलाही वेळ होता, कारण मुंबई त्यांचीही.

या सगळ्यांत ‘ज्ञानदीप’ची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी. आकाशानंदांच्या या कार्यक्रमाने प्रेक्षकांना पत्रे लिहायला लावले, एवढ्यावर तो थांबला नाही. गावोगावी आणि शहरांतल्या वस्त्यांत ‘ज्ञानदीप मंडळे’ निघाली. मंडळाचे लोक एकत्र बसून कार्यक्रम पाहत, मग आपल्या भागात काही काम हाती घेत आणि त्याचा वृत्तान्त केंद्राला कळवत. तो वृत्तान्त पुन्हा पडद्यावर येई. म्हणजे खेडा जिल्ह्यात इस्रोचे संशोधक जे करत होते ते इथे प्रेक्षकांनी स्वतःच उभे केले. सार्वजनिक प्रसारण म्हणजे काय, याची व्याख्या मला कोणी विचारली तर मी कायद्याचे कलम सांगण्याआधी ज्ञानदीप मंडळाकडे बोट दाखवीन.

हे काम करणाऱ्यांची साधने तुटपुंजी होती. ध्वनिचित्रफीत महाग, त्यामुळे एक कार्यक्रम पुसून त्यावर दुसरा घेण्याची पद्धत होती. त्या काळातल्या कितीतरी मैफली, मुलाखती आणि नाटके अशीच पुसली गेली. पुसणाऱ्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही, त्याच्याकडे दुसरी टेप नव्हती. पण ज्या संस्थेकडे महाराष्ट्राच्या अर्ध्या शतकाची चलत्‌चित्रे असायला हवी होती तिच्याकडे त्यांचे तुकडे आहेत, आणि ही हानी भरून येणारी नाही.

दूरदर्शनच्या गळ्यातली दोरी सगळ्यांना दिसली ती आणीबाणीत. 1976 हे वर्ष संस्थेच्या दृष्टीने फार घडामोडींचे होते. 1 जानेवारीपासून जाहिराती सुरू झाल्या, 1 एप्रिलपासून दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले. देबाशिष भट्टाचार्य यांच्या रेखाटनातून आलेले ते फिरणारे बोधचिन्ह आणि पंडित रविशंकरांची धूनही त्याच काळातली. आणि नेमक्या त्याच काळात बातमी पूर्णपणे सरकारच्या हातात गेली होती. फेब्रुवारी 1977 मध्ये रामलीला मैदानावर जगजीवन राम यांची सभा होती, त्या संध्याकाळी दूरदर्शनने ‘बॉबी’ दाखवला. लोक घरी बसावेत हा हेतू. तरी मैदान भरले.

जनता सरकारने माध्यमांच्या गैरवापरावर श्वेतपत्रिका काढली आणि बी. जी. वर्गीज यांची समिती नेमली. खरे तर स्वतंत्र महामंडळ असावे असे चंदा समितीने 1966 मध्येच सांगून ठेवले होते. वर्गीज समितीने 1978 मध्ये ‘आकाश भारती’ नावाचा स्वायत्त न्यास सुचवला. 1979 चे विधेयक सरकार पडल्याने बुडाले. पुढे पी. सी. जोशी कार्यगट, सेनगुप्ता समिती, नारायण मूर्ती समिती, पित्रोदा समिती. नावे बदलत गेली. या अहवालांत मला जोशी गटाचा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यांनी दिल्लीतून साऱ्या देशाला एकच कार्यक्रम पुरवण्याच्या पद्धतीवर बोट ठेवले, शहरी मध्यमवर्गाकडे झुकलेली करमणूक दाखवून दिली, आणि कायदेशीर स्वायत्ततेच्या आधी काम करणाऱ्याला कामाचे स्वातंत्र्य द्या, असे म्हटले. अहवाल आला तो काळ मात्र नेमका उलट्या दिशेने धावत होता.

1982 च्या आशियाई खेळांनी दूरदर्शनला रंग आणला आणि दिल्लीची सवय लावली. 15 ऑगस्ट 1982 पासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. इन्सॅट-1ए काही महिन्यांतच निकामी झाला, पण 1983 मध्ये इन्सॅट-1बी आला आणि 1984 मध्ये काही महिने तर रोज सरासरी एक नवा प्रक्षेपक या वेगाने देशभर जाळे पसरले. तंत्रज्ञांच्या दृष्टीने हा पराक्रमच होता, त्याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. परंतु हे बहुतेक प्रक्षेपक लघुशक्तीचे. ते उपग्रहावरून आलेले दिल्लीचे चित्र उचलत आणि गावावर सोडत. त्यांना स्वतःचा स्टुडिओ नव्हता, कॅमेरा नव्हता. महाराष्ट्रातल्या कितीतरी जिल्ह्यांत टीव्ही पहिल्यांदा आला तो हिंदी बोलत आला, मुंबईचे मराठी कार्यक्रम तिथे मागाहून पोहोचले. आणि मुंबईत साडेआठनंतरचा, म्हणजे माणूस जेवून निवांत बसण्याचा वेळ दिल्लीकडे गेला. पीजचा प्रक्षेपक उतरला तोही याच वर्षांत. एकीकडे शेकडो प्रक्षेपक उभे राहत होते आणि जो एक प्रक्षेपक गावाशी बोलत होता तो जास्त प्रेक्षकांच्या शहरात हलवला गेला, यात संस्थेचा नवा हिशेब उघड दिसतो.

याच वर्षांत पैशाचे गणितही बदलले. तोपर्यंत संच ठेवायला परवाना लागे, टपाल कार्यालयात जाऊन दर वर्षी शुल्क भरावे लागे. ते शुल्क ऐंशीच्या दशकाच्या मध्यात रद्द झाले. लोकांना बरे वाटले, आणि वाटणारच. पण प्रेक्षक आणि संस्था यांच्यामधला पैशाचा एकमेव थेट धागा त्यातून तुटला, आणि त्याची जागा प्रायोजकाने घेतली. या बदलाकडे इतिहास लिहिणाऱ्यांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे मला वाटते. स्वायत्ततेची सारी चर्चा मंत्र्याच्या फोनभोवती फिरते. बिल कोण भरतो, हा प्रश्न त्यामागे लपून राहतो.

प्रायोजित मालिकांचा काळ तरीही भुकेल्या माणसाला जेवण मिळावे तसा होता, आणि त्यातले चांगले ते फार चांगले होते. ‘हम लोग’ 7 जुलै 1984 ला सुरू झाली. मेक्सिकोत मालिकांमधून कुटुंबनियोजनाचा प्रचार झाला होता, त्याचा आदर्श समोर ठेवून ती आखलेली होती. मनोहर श्याम जोशींनी तिला माणसे दिली आणि प्रत्येक भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन बोलत. उपदेश हळूहळू कमी झाला, माणसे उरली. मग ‘बुनियाद’, ‘नुक्कड’, शंकर नाग यांची ‘मालगुडी डेज’, श्याम बेनेगल यांची त्रेपन्न भागांची ‘भारत एक खोज’. गोविंद निहलानींच्या ‘तमस’वर 1988 मध्ये बंदीची मागणी झाली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, न्यायमूर्तींनी मालिका स्वतः पाहिली आणि प्रक्षेपण चालू ठेवले. सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरले. सरकारी वाहिनीने फाळणीच्या दंगलींमागचे राजकारण दाखवावे आणि न्यायालयाने तिच्या पाठीशी उभे राहावे, ही गोष्ट या इतिहासात वारंवार घडलेली नाही. रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांतले चित्रपट दाखवत. मराठी घरांत मल्याळी आणि बंगाली सिनेमा पोहोचला तो त्या दुपारींमुळे.

‘रामायण’ 25 जानेवारी 1987 ला सुरू झाले आणि 31 जुलै 1988 ला त्याचे अठ्ठ्याहत्तर भाग संपले. त्याचे बरेचसे चित्रण महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या उमरगावात झाले. रस्ते ओस पडल्याच्या, संचाला हार घातल्याच्या कथा सर्वांना ठाऊक आहेत. त्यापेक्षा बोलकी घटना वेगळी आहे. मालिका रामराज्याभिषेकावर संपणार म्हटल्यावर पंजाबात आणि उत्तरेत इतरत्र वाल्मीकी समाजातल्या सफाई कामगारांनी संप केला, कारण उत्तरकांडाशिवाय त्यांच्या वाल्मीकींना कथेत जागाच उरत नव्हती. पुढे उत्तरकथा झाली. प्रेक्षकाने आपला हक्क मागण्याचा हा मार्ग होता, ज्ञानदीप मंडळांच्या काळातल्यापेक्षा फार वेगळा. अरविंद राजगोपाल यांनी ‘पॉलिटिक्स आफ्टर टेलिव्हिजन’ या 2001 च्या ग्रंथात या मालिकेचा आणि पुढच्या हिंदुत्वाच्या राजकारणाचा संबंध तपासला. निरनिराळ्या भाषांतली वर्तमानपत्रे वाचणारा, एकमेकांपासून तुटलेला समाज प्रथमच एका वेळी एक गोष्ट पाहू लागला, हे त्यांच्या मांडणीचे मूळ. पूर्णिमा मंकेकर यांनी दिल्लीतल्या मध्यम आणि निम्न-मध्यम घरांतल्या बायकांसोबत बसून मालिका पाहिल्या आणि त्या पडद्यावरचे किती स्वीकारतात, किती परतवून लावतात, हे नोंदवले. दोन्ही अभ्यास एकत्र वाचावेत. पहिला वाचून प्रेक्षक मातीचा गोळा वाटू लागतो, दुसरा ती समजूत दूर करतो.

बातमीच्या बाबतीत मात्र या सुवर्णकाळाचे कौतुक करता येत नाही. 31 ऑक्टोबर 1984 ला सकाळी इंदिरा गांधींवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांच्या मृत्यूची बातमी देशाने बीबीसीवरून ऐकली, आपल्या प्रसारकांनी ती संध्याकाळी सांगितली. नंतर तीन मूर्ती भवनातून दाखवलेल्या थेट प्रक्षेपणात सूडाच्या घोषणा देशभर ऐकू गेल्या. आधी मौन आणि मग बेफिकिरी, या दोन्हींची किंमत दिल्लीच्या रस्त्यांवर निरपराध शिखांनी मोजली.

1991 च्या आखाती युद्धाने उपग्रह वाहिन्या आल्या, 2 ऑक्टोबर 1992 ला झी सुरू झाली. दूरदर्शनची मक्तेदारी गल्लीतल्या केबलवाल्याने मोडली. दूरदर्शनला स्वायत्तता देऊ पाहणारा प्रसार भारतीचा कायदा 1990 मध्ये संमत होऊन सात वर्षे कपाटात पडला होता. त्याला धक्का मिळाला तो क्रिकेटमुळे. 1993 च्या हीरो चषकाच्या प्रक्षेपणावरून बंगाल क्रिकेट संघटना आणि सरकार यांच्यात वाद झाला. 9 फेब्रुवारी 1995 ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. न्या. पी. बी. सावंत यांचे निकालपत्र आजही वाचण्यासारखे आहे. प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यांवर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही, तशीच ती पैसेवाल्यांचीही असू नये, हा त्याचा गाभा. लोकांच्या मनात या निकालाचा पहिला अर्धा भाग राहिला. दुसरा अर्धा, म्हणजे बाजाराची मक्तेदारीही नागरिकाच्या हक्काला तितकीच घातक, तो विसरला गेला. सावंतांना हवे होते ते स्वतंत्र सार्वजनिक प्राधिकरण. 1997 च्या नोव्हेंबरात प्रसार भारती मंडळ अस्तित्वात आले. निखिल चक्रवर्ती पहिले अध्यक्ष, एस. एस. गिल पहिले मुख्य कार्यकारी अधिकारी.

कायदा वाईट नाही. नागरिकाचा माहिती मिळण्याचा हक्क, शेती, ग्रामविकास, बायका, मुले, देशातल्या भाषा या सगळ्यांची जबाबदारी त्यात स्पष्ट लिहिलेली आहे. त्यात बावीस खासदारांची समिती आहे, तक्रारी ऐकणारी प्रसारण परिषद आहे. या दोन्ही तरतुदी कागदावर राहिल्या. पगाराचा मोठा भार सरकारच्या अनुदानातून चालतो, जुने कर्मचारी सरकारी सेवेतच मोजले जातात, वरच्या जागा मंत्रालयाच्या मर्जीने भरतात. मग सत्तेत कोणीही असो, परिणाम तोच. 2014 च्या एप्रिलमध्ये काँग्रेसचे सरकार असताना नरेंद्र मोदींच्या मुलाखतीतला भाग गाळला गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात सरकार बदलल्यावर नागपूरहून सरसंघचालकांचे विजयादशमीचे भाषण थेट दाखवले गेले. 2017 मध्ये त्रिपुराचे तत्कालीन मुख्यमंत्री माणिक सरकार यांचे स्वातंत्र्यदिनाचे भाषण त्यांनी बदल करायला नकार दिल्यावर प्रसारित झाले नाही. एप्रिल 2024 मध्ये ऐन निवडणुकीत डीडी न्यूजचे बोधचिन्ह भगवे झाले. प्रत्येक वेळी विरोधात असलेल्यांनी आरडाओरडा केला आणि सत्तेत आल्यावर तीच किल्ली खिशात ठेवली.

नव्वदच्या दशकात दूरदर्शनने खाजगी वाहिन्यांशी त्यांच्याच मैदानावर झुंजायचे ठरवले, आणि इथे मला त्याची खरी चूक दिसते. डीडी मेट्रोवर चित्रपटगीते आणि दुपारच्या मालिका आल्या. 2000 साली तर मेट्रोचा संध्याकाळचा वेळ वर्षभरासाठी 121 कोटी रुपयांना ऑस्ट्रेलियाच्या नाइन नेटवर्कशी जोडलेल्या कंपनीला दिला गेला. 2003 मध्ये मेट्रो बंद होऊन तिथे डीडी न्यूज आली. मराठीत 1994 मध्ये सुरू झालेल्या उपग्रह वाहिनीला 2000 साली ‘सह्याद्री’ हे नाव मिळाले. ‘दामिनी’ ही पहिली दैनंदिन मराठी मालिका म्हणून गाजली, पण तिच्यामागोमाग अल्फा मराठी आली आणि तोच साचा अधिक झगमगाटाने करू लागली. ज्या खेळात समोरच्याकडे दसपट पैसा आहे तो खेळ दूरदर्शनने का खेळावा? ‘प्रतिभा आणि प्रतिमा’शी स्पर्धा करायला कोणीच येणार नव्हते. पुढे ‘दुसरी बाजू’सारख्या मुलाखती सह्याद्रीने केल्या तेव्हा माणसे त्या शोधून पाहत, हे त्याचेच प्रत्यंतर.

2020 च्या टाळेबंदीत दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. मार्चअखेर ‘रामायण’ पुन्हा लागले आणि 16 एप्रिलचा भाग 7.7 कोटी लोकांनी पाहिला, असे दूरदर्शनने जाहीर केले. त्याची बातमी जगभर झाली. दुसरी गोष्ट 20 जुलैपासूनची. सह्याद्रीवर ‘टिलीमिली’ सुरू झाली, पहिली ते आठवीच्या मुलांसाठी, एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने केलेली. शाळा बंद होत्या, ऑनलाइन वर्गाला घरात एकच फोन, तोही बापाबरोबर कामावर जाणारा. ज्यांच्याकडे डेटा नव्हता त्यांच्याकडे टीव्ही होता. घरातल्या वस्तूंनी, पाने-दगड-भांड्यांनी करायचे उपक्रम त्यात होते, पाठांतर नव्हते. साराभाईंनी जे मांडले होते आणि ‘साइट’ने जे वर्षभर करून दाखवले, ते 45 वर्षांनी आपल्या राज्यात आपल्या भाषेत झाले. त्याची चर्चा मात्र मराठी वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांपुरतीच राहिली.

आजचे चित्र असे. जमिनीवरचे अ‍ॅनालॉग प्रक्षेपक 2022 पर्यंत, सामरिक महत्त्वाचे मोजके सोडून, बंद झाले. 2004 च्या डिसेंबरात डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झालेली दूरदर्शनची उपग्रह सेवा फ्री डिश आज चार कोटींहून अधिक घरांत आहे. एकदा डबा आणि छत्री घेतली की दरमहा पैसे नाहीत. ऊसतोड कामगाराच्या वस्तीवर, आदिवासी पाड्यावर, शहराच्या झोपडपट्टीत हीच छत्री दिसते. तिच्यावरच्या जागांचा लिलाव होतो आणि खाजगी वाहिन्या कोट्यवधी रुपये मोजून त्या घेतात. म्हणजे देशातल्या गरीब प्रेक्षकापर्यंत जाण्याचा रस्ता अजूनही सार्वजनिक मालकीचा आहे, त्यावरून धावणाऱ्या गाड्या मात्र बहुतांश खाजगी. नोव्हेंबर 2024 मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात प्रसार भारतीचे ‘वेव्हज’ हे ओटीटी सुरू झाले. 2023 मध्ये केंद्राने पायाभूत सुविधांसाठी 2,539 कोटींची योजना मंजूर केली, 2025-26 पर्यंतची. तीत स्टुडिओ, प्रक्षेपण, उपकरणे यांच्यावर भर होता. उपकरणे हवीतच. पण खेडा प्रकल्पाची ताकद एक किलोवॉटच्या प्रक्षेपकात नव्हती, गावात जाऊन बसणाऱ्या माणसांत होती, आणि त्या माणसांचे पगार पायाभूत सुविधांच्या तरतुदीत धरले जात नाहीत.

फ्री डिशच्या लिलावातून येणाऱ्या पैशातला ठरावीक वाटा प्रादेशिक केंद्रांच्या कार्यक्रमनिर्मितीसाठी कायद्यानेच बांधून द्यावा, आणि त्याचा हिशेब त्या कधीच न झालेल्या संसदीय समितीपुढे मांडला जावा, एवढे करायला नवा आयोग लागत नाही. मुंबई, पुणे, नागपूर इथे दूरदर्शनची जागा आहे, माणसे आहेत. विदर्भाच्या शेतकऱ्याला वरळीला बोलावून मुलाखत घ्यावी लागू नये. मुलांसाठी रोजचा तास संकटाची वाट न पाहता चालू राहावा. आणि उरलेल्या टेपा, ज्या अजून पुसल्या गेल्या नाहीत, त्यांचे डिजिटल रूपांतर करून त्या अभ्यासकांना आणि शाळांना विनामूल्य उघड्या कराव्यात. त्या सरकारच्या नाहीत. ज्या काळात आपल्या आईबापांनी टपाल कार्यालयात रांग लावून परवान्याचे पैसे भरले, त्या काळातल्या आहेत.